साध्या मजकुराच्या तक्त्यातले रुपये: रक्कम, खूण आणि स्वल्पविराम यांची पार्श्वभूमी

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातली कांद्याची हिशोबपट्टी म्हणजे छोटा तक्ताच असतो. वजन, भाव, होणारी रक्कम, तीतून वजा हमाली-तोलाई-वाराई आणि शेवटी निव्वळ देणं. 67.81 क्विंटल माल 1,850 रुपयांनी गेला तर पट्टीवर ₹1,25,448.50 येतात, आणि कागदावर त्यात वावगं काही नाही. हीच ओळ स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या फाइलीत, म्हणजे सीएसव्हीत, तशीच टाकली की एका रकमेचे तीन रकाने होतात: ₹1, 25 आणि 448.50. पुढचे सगळे रकाने दोन घरं उजवीकडे सरकतात आणि हमालीच्या जागी रुपयांचा तुकडा येऊन बसतो.

मूळ अडचण एवढीच की साध्या मजकुराच्या तक्त्यात रक्कम आणि तिचा पोशाख वेगळे नसतात. जे दिसतं तेच साठवलेलं असतं.

रुपये-आणे-पैचा जमाना या बाबतीत जास्त शिस्तीचा होता. एक रुपयाचे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै. कीर्दीत त्यांना तीन स्वतंत्र रकाने असत, नाहीतर 5-4-6 असं लिहीत. आज अशा कीर्दी संगणकावर उतरवताना हे 5-4-6 एक्सेलमध्ये सरळ टाइप केलं, तर आपल्याकडच्या तारखेच्या सेटिंगमुळे त्याचं 5 एप्रिल 2006 होतं. त्यामुळे तिथे तीन रकानेच करावेत आणि बेरजेसाठी चौथ्या रकान्यात सगळं पैंमध्ये आणावं: रुपये गुणिले 192, आणे गुणिले 12, अधिक पै.

दशमान चलन 1 एप्रिल 1957 रोजी आलं. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली भारताच्या नकाशाची टपाल तिकिटं त्याच दिवशी नव्या पैशांत निघाली. (‘नवा’ हा शब्द 1964 मध्ये गळला.) रूपांतराच्या कोष्टकात एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25 नवे पैसे धरले होते. एकेक आण्याच्या तीन नोंदी आधी बदलून मग बेरीज केली तर 18 पैसे येत, आधी बेरीज करून मग बदलली तर 19. पूर्णांक आधी करायचा की नंतर, हा वाद त्यामुळे संगणकाच्या आधीचा आहे. आता तो जीएसटीच्या बिलात भेटतो. केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 170 प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची, पन्नास पैसे किंवा जास्त असल्यास वर. प्रत्येक ओळीवर पूर्णांक करून बेरीज घेतली आणि एकूण करावर पूर्णांक केला, तर दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. तक्त्यात ओळींवर दोन दशांश स्थळं ठेवावीत आणि पूर्णांकाचा फरक शेवटी वेगळ्या ओळीत दाखवावा.

संगणकाच्या बाजूने पाहिलं तर रक्कम आणि पोशाख यांची फारकत 1960 च्या आसपासच झाली होती. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत रकमेचं एक क्षेत्र साठवणीचं असे. त्यात दशांशबिंदू गृहीत असे, प्रत्यक्ष लिहिलेला नसे. छपाईचं क्षेत्र वेगळं, त्यात स्वल्पविराम, चलनाची खूण, ऋणचिन्ह. हिशोब पहिल्यात, कागद दुसऱ्यातून. 1979 च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटने आतली आकडेमोड दशमानातच ठेवली होती, म्हणजे उत्तरं कॅल्क्युलेटरसारखीच येत. नंतरच्या स्प्रेडशीटनी द्विमान अपूर्णांक घेतले. द्विमानात 1.005 ही संख्या नेमकी मावत नाही, ती किंचित कमी साठते. म्हणून बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत तिचे दोन दशांशांत 1.01 न होता 1.00 होतात. ज्यांना पैशाला पैसा जुळवायचा आहे ते रक्कम पैशांत, पूर्ण संख्येने ठेवतात: 12544850.

स्प्रेडशीटमध्येही खरी संख्या आणि तिचं दिसणं वेगळंच असतं. पण एक्सेलमधून सीएसव्ही जतन करताना खान्यात जे दिसतं तेच फाइलीत उतरतं. ₹ आणि स्वल्पविराम फाइलीत शिरतात ते बहुतेक याच दारातून. सीएसव्हीचे नियम लिखित स्वरूपात आले 2005 मध्ये, प्रघात पडून कित्येक वर्षं झाल्यावर. स्वल्पविराम असलेलं मूल्य दुहेरी अवतरणात ठेवायचं, हा त्यातला आपल्या कामाचा नियम. अवतरण न जाणणाऱ्या साधनापुढे तोही चालत नाही. त्यापेक्षा रकान्यांमध्ये टॅब वापरणं निर्धोक.

₹ या खुणेची गोष्ट आणखी अलीकडची. डी. उदयकुमार यांचं रेखाटन 15 जुलै 2010 रोजी स्वीकारलं गेलं, ऑक्टोबर 2010 मध्ये युनिकोड 6.0 या अक्षरखुणांच्या जागतिक मानकात तिला जागा मिळाली आणि विंडोजसाठी अपडेट आलं 2011 मध्ये. मधल्या काळात रुपी फोरेडियन नावाचा फाँट फिरत होता. टॅबच्या वरच्या कळीवरची ` ही खूण त्यात रुपयासारखी दिसे. फाँट काढला की उरते ती मूळ खूणच. त्या दोन वर्षांतल्या फाइलींत रकमेआधी ` आढळली तर ती टंकनाची चूक समजू नये. दुसरी तक्रार कायमची: यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोडच्या खुणा फाइलीत साठवायच्या पद्धतीत, ₹ तीन बाइट घेते, आणि फाइल विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचात उघडली तर एका खुणेच्या जागी तीन अनोळखी खुणा दिसतात. एक्सेलमध्ये अशी फाइल दुहेरी क्लिकने न उघडता डेटा विभागातून आयात करावी आणि तिथे यूटीएफ-8 निवडावं.

गप्प राहून चुकणारी साधनं सर्वांत घातक. 1977 चं ऑक (awk) हे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन अजूनही मजकुराच्या तक्त्यांचं पहिलं हत्यार आहे. ते आकडा डावीकडून वाचतं आणि अनोळखी खूण आली की थांबतं. 1,25,448.50 चा त्याच्या लेखी अर्थ 1, आणि ₹125448.50 चा अर्थ शून्य. देवनागरी अंकांचाही शून्यच. त्रुटी दाखवली जात नाही, बेरीज निमूट कमी येते. आकडे स्वच्छ असले तरी एक खोच उरते: अपूर्णांक असलेली बेरीज ऑक मुळात सहा सार्थ अंकांतच छापतं. 125448.50 चे 125448 होतात, पन्नास पैसे गेले. रक्कम 1254485.50 झाली तर दशघाताच्या रूपात जे उत्तर येतं ते उलगडल्यावर 12,54,490 भरतं. छपाईच्या आज्ञेत दोन दशांश स्थळं स्पष्ट मागितली की हे टळतं.

इमॅक्स या मजकूर-संपादकातल्या ऑर्ग-मोडची (कर्ते कार्स्टेन डॉमिनिक, 2003) तऱ्हा वेगळी. त्याचे तक्ते उभ्या रेघांचे, म्हणून स्वल्पविरामाने रकाना फुटत नाही. पण रकान्याची बेरीज मागितली की सगळी मूल्यं स्वल्पविरामांनी जोडून गणकाकडे जातात. मग 1,25,448.50 ही तीन मूल्यं ठरतात आणि बेरजेत 474.50 जमा होतात. आणखी एक लक्षात ठेवावं: सूत्रात दोन दशांशांचा साचा दिला की तेवढ्यावर आणलेला आकडाच तक्त्यात लिहिला जातो, पुढचं सूत्र तोच घेतं.

मजकुरातच जमाखर्च ठेवणाऱ्या साधनांपैकी एचलेजरने आपल्या लाख-कोटींची गोची नीट सोडवली आहे. चलनाच्या घोषणेत लाख-कोटींची मांडणी एकदा दिली की ते तशीच वाचतं आणि छापतं.

बाकी ठिकाणी रकमेच्या रकान्यात फक्त अंक, दशांशबिंदू आणि लागलंच तर पुढे ऋणचिन्ह. ऋण रक्कम कंसात नको, मागे ‘जमा’, ‘नावे’ नको. चलन शीर्षकात लिहावं. द्राक्षांच्या निर्यातीसारखे डॉलर-युरो मिसळणारे व्यवहार असतील तर चलनाचा स्वतंत्र रकाना हवा, आणि त्यात $ सारखी अनेक देशांची खूण न टाकता 1978 पासूनच्या आयएसओ 4217 मानकातला तीन अक्षरी संकेत. लाखांचे स्वल्पविराम दाखवण्याच्या वेळी. एक्सेलमध्ये त्यासाठी हा साचा चालतो:

[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00

यात अटी दोनच बसतात. ऋण रकमा तिसऱ्या भागात पडतात, त्यामुळे उणे सव्वा लाख -125,000.00 असे हजारांच्या पद्धतीने दिसू शकतात.