छोट्या गावांत येणं आणि टिकणं: कॅनडातल्या स्थलांतराचा अभ्यास

बाहेरच्या देशांतून कॅनडात येणारी माणसं मोठी शहरं सोडून एखाद्या लहान गावात का जातात, तिथे त्यांचं बस्तान कसं बसतं, आणि त्यातली बरीचशी काही वर्षांनी पुन्हा मोठ्या शहराकडे का निघून जातात, हा स्थलांतराच्या संशोधनातला एक वेगळा विषय आहे. भूगोल, समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र सगळ्यांचे लोक यात काम करतात आणि सरकारी योजना त्यात इतक्या मिसळलेल्या असतात की अभ्यास कुठे संपला आणि योजना कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही.

आधी आकडे बघू. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात ८३ लाखांहून जास्त लोक, म्हणजे २३ टक्के, परदेशातून येऊन कायमचे राहिलेले आहेत. २०१६ ते २०२१ मधे जे १३ लाख आले त्यातले ५३.४ टक्के फक्त टोरांटो, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर या तीन ठिकाणी गेले, आणि दहातले नऊ तर कुठल्या ना कुठल्या महानगर क्षेत्रातच. उरलेला एक जो आहे त्याचा हा विषय. तो थोडका वाटतो पण पाच हजार वस्तीच्या गावात पन्नास कुटुंबं आली तर शाळेचा पट, घरभाडं, दवाखान्यातली रांग सगळंच बदलतं, आणि म्हणून त्याकडे वेगळं बघावं लागतं.

तसं छोट्या जागी वस्ती करणं कॅनडाला नवीन नाही. १८७२ च्या कायद्याने प्रेअरीमधे, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रदेशात, १० डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची, आणि क्लिफर्ड सिफ्टन मंत्री असताना (१८९६ ते १९०५) युक्रेनियन वगैरे शेतकरी हजारोंनी आणून वसवले गेले. ती जमीन मूळनिवासी लोकांची होती, हे या इतिहासात सांगितलंच पाहिजे. व्हँकुव्हर बेटावर पाल्डी नावाचं गाव होतं, मेयो सिंग यांनी लाकडाची गिरणी टाकली तिच्याभोवती वसलेलं, पंजाबमधल्या त्यांच्या मूळ गावाचंच नाव दिलेलं. पंजाबी, जपानी, चिनी सगळे तिथे एकत्र राहायचे. पुढे गिरणीचं काम संपलं तसं गावही ओसरलं, आता गुरुद्वारा आणि थोडी घरं आहेत. एकाच मालकावर उभं असलेलं गाव किती टिकतं हा प्रश्न आजही तसाच आहे.

आत्ताच्या अभ्यासाला खरी चालना १९९८ मधे मिळाली. तरुण पोरं शहरात जाताहेत, जन्म कमी, शाळा बंद पडताहेत, नर्स मिळत नाही, अशी परिस्थिती असताना मॅनिटोबा प्रांताने केंद्राशी करार करून आपल्याला हवी ती माणसं आपणच निवडायची सोय करून घेतली, तिला प्रांतिक नामांकन योजना म्हणतात. तिचा मोठा फायदा विंकलर आणि स्टाइनबाख या मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) लोकांच्या गावांना झाला. जर्मनीहून, त्यातही मूळचे रशिया-कझाकस्तानकडचे, जर्मन बोलणारे लोक तिथे आले, कारण भाषा ओळखीची, चर्च ओळखीचं आणि आधी आलेला नातेवाईक तिथेच. शेजारच्या मॉर्डनने तर गावपातळीवरच माणसं निवडायला सुरुवात केली, आधी येऊन गाव बघा, लोकांना भेटा, मग ठरवा. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण हिवाळा काय असतो ते फोटोत कळत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मांसाच्या कारखान्यांची गावं, आणि संशोधनातलं सर्वात दमदार काम इथलंच आहे. अल्बर्टातलं ब्रूक्स, मॅनिटोबातलं ब्रँडन आणि नीपावा. ब्रूक्समधे गुरं कापण्याच्या कारखान्यात सुदान, सोमालियाकडचे निर्वासित कामाला आले, २००५ मधे तिथे मोठा संप झाला, आणि भूगोलाचे अभ्यासक मायकल ब्रॉडवे यांनी या गावावर बरंच लिहिलंय. ब्रँडनला १९९९ मधे डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना सुरू झाला आणि नंतर मेक्सिको, एल साल्वादोर, चीन, युक्रेन अशा देशांतून तात्पुरत्या परमिटवर कामगार आणले, पुढे त्यातले पुष्कळ प्रांतिक योजनेतून कायमचे रहिवासी झाले आणि मग बायकामुलं आली. नीपावात हेच फिलिपिनो लोकांचं झालं. या गावांत क्रम साधारण असा दिसतो की आधी एकटी माणसं येतात आणि एका घरात दाटीवाटीने राहतात, घरभाडी चढतात, जुने लोक कुरकुर करतात, मग दोन-तीन वर्षांनी कुटुंबं आली की शाळेत एकदम इंग्रजी न येणारी मुलं दिसायला लागतात आणि गाव त्या वेळी जागं होतं. खरं तर तयारी कारखान्याचं परमिट निघालं तेव्हाच सुरू व्हायला हवी, कारण कामगार किती लागणार हे तेव्हाच माहीत असतं.

संस्थांचं म्हणाल तर १९९६ मधे मेट्रोपोलिस नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याची केंद्रं मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांत होती आणि लक्षही बरंचसं शहरांवर. लहान गावांचं काम ब्रँडन विद्यापीठाच्या ग्रामीण विकास संस्थेने नेटाने केलं. २०१२ पासून ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरातल्या वेस्टर्न विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया एसेस यांच्या नेतृत्वाखाली पाथवेज टू प्रॉस्पेरिटी हे जाळं उभं राहिलं. त्याआधी २०१० मधे एसेस आणि सहकाऱ्यांनी आलेल्या माणसाला सामावून घेणाऱ्या गावाची १७ लक्षणं मांडली होती. पहिलं नोकरी, मग आपसातले संबंध, परवडणारं घर, आणि पुढे शाळा, दवाखाना, बस, प्रार्थनेची जागा, पोलिसांशी नातं असं सगळं. बस त्यात बरीच खाली आहे, माझ्या मते उणे तीसमधे गाडी नसलेल्या बाईसाठी ती फार वर असायला हवी.

वेगवेगळ्या गावांतल्या अभ्यासांतून एक गोष्ट सारखी पुढे येते: माणूस येतो नोकरीमुळे पण टिकतो घरच्यांमुळे. नवऱ्याला कारखान्यात काम आहे पण बायको परिचारिका आणि तिचं शिक्षण इथे धरलं जात नाही, तर ते कुटुंब जाणार. मूल बारावीला आलं आणि गावात कॉलेज नाही, तर जाणार. आपल्या भाषेत बोलायला कोणी नाही, हलाल मटण किंवा तूरडाळ मिळायला दोन तास गाडी चालवायची, हेही हळूहळू खुपत जातं. मराठी घरं टोरांटो-मिसिसागाकडे जास्त दिसतात ती याच ओढीने, तिथे मंडळ आहे, गणपती आहे, मुलांना मराठी शाळा आहे. आणि गावकरी रस्त्यात हसून बोलतात म्हणजे जेवायला घरी बोलावतातच असं नाही, हे तर मुलाखतींमधे इतक्यांदा येतं की ते बाजूला टाकता येत नाही.

गावाच्या मनोवृत्तीची दोन टोकं इथे सांगायला हवीत. क्वेबेकमधल्या एरूव्हिल या जेमतेम तेराशे वस्तीच्या गावाने २००७ मधे परदेशी लोकांसाठी आचारसंहिता काढली, बायकांना दगडांनी मारायचं नाही वगैरे, आणि गंमत नाही, गावात तेव्हा बाहेरचे लोक जवळपास नव्हतेच. त्यातून प्रांतभर वाद पेटला आणि अल्पसंख्याकांच्या चालीरीतींना किती जागा द्यायची हे बघायला नेमलेल्या बूशार-टेलर आयोगाचं काम त्याच वातावरणात झालं. उलट नोव्हा स्कोशियातल्या अँटिगोनिशमधे गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन आणलेल्या सीरियन हदाद कुटुंबाने आपला चॉकलेटचा जुना धंदा पुन्हा उभा केला आणि गावातल्या लोकांनाच कामं दिली. अशी कुटुंबं आणायला कॅनडात १९७९ पासून खाजगी प्रायोजकत्वाची पद्धत रुळलेली आहे, पाच-सहा जण मिळून वर्षभराचा खर्च आणि सोबत दोन्हीची जबाबदारी घेतात, आणि छोट्या गावात ती सोबतच जास्त कामाला येते.

कोण टिकलं हे मोजायला कराच्या नोंदी इमिग्रेशनच्या नोंदींना जोडून केलेला डेटाबेस वापरतात. त्यात प्रिन्स एडवर्ड आयलंड टिकण्याच्या बाबतीत सगळ्या प्रांतांत खाली दिसतं. सक्ती करता येत नाही, कारण १९८२ च्या हक्कसनदेच्या सहाव्या कलमाने कायम रहिवाशालाही कुठल्याही प्रांतात जाऊन राहता येतं. पण गाव जितकं लहान तितके आकडे कच्चे, गोपनीयतेसाठी ते पाचाच्या पटीत गोल करतात त्यामुळे बारा माणसं दहा दिसतात किंवा पंधरा. मग मुलाखती घ्याव्या लागतात आणि तिथे दुसरी अडचण, गावात एकच नायजेरियन डॉक्टर असेल तर नाव लपवून उपयोग काय, वाचणारा ओळखतोच. त्यामुळे चांगले अभ्यासक कधीकधी गावाचंच नाव बदलतात.

आणि जे कायमचे नसतात त्यांचं काय, ही या अभ्यासातली सर्वात दुखरी बाजू आहे. ऑन्टॅरिओतल्या लेमिंग्टनमधे टोमॅटो-काकडीच्या हरितगृहांत मेक्सिको आणि जमैकाचे हंगामी कामगार येतात. ही योजना १९६६ मधे जमैकापासून सुरू झाली. वर्षाला जास्तीत जास्त आठ महिने राहायचं, मग परत जायचं, पुढल्या वर्षी पुन्हा, काहींची वीस-वीस वर्षं अशी गेलीत पण ते तिथले रहिवासी होत नाहीत. केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या सेटलमेंट सेवा, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत, मुख्यतः कायम रहिवाशांसाठी आणि निर्वासितांसाठी असतात, म्हणजे ज्याला सर्वात गरज तोच बाहेर. विद्यार्थ्यांचंही तसंच, नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या सिडनी शहरात विद्यापीठाने भारतातून प्रचंड संख्येने मुलं घेतली आणि राहायला खोल्या, पार्टटाइम कामं पुरेनात.

पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक प्रांतांसाठी २०१७ मधे वेगळी योजना निघाली आणि २०२२ मधे कायम झाली, तिच्यात नोकरी देणाऱ्यालाही बसवून घेण्याची जबाबदारी आहे. २०१९ मधे थंडर बे, सडबरी, टिमिन्स, मूस जॉ, क्लेर्सहोम अशा ११ ठिकाणांसाठी ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागाची प्रायोगिक योजना आली, ती २०२४ मधे बंद होऊन २०२५ मधे १४ ठिकाणांची नवी सुरू झाली. मात्र त्याच सुमारास केंद्राने एकूण आकडे खाली आणले, प्रांतिक नामांकनाच्या जागा २०२४ च्या १ लाख १० हजारांवरून २०२५ मधे ५५ हजारांवर आल्या, आणि याचा फटका टोरांटोपेक्षा मॅनिटोबातल्या छोट्या गावांना जास्त बसला कारण त्यांच्याकडे माणसं येण्याची मुख्य वाट हीच आहे.