शेवाळ हटवण्यापासून शेवाळ पाळण्यापर्यंत

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवणाऱ्यांची पहिल्या काही महिन्यांतच शेवाळाशी गाठ पडते. आधी वाळूवर तपकिरी थर येतो, मग खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ धरतं. दुकानात बाटलीतली औषधं मिळतात, पण या छंदाच्या साठेक वर्षांत टिकले ते उपाय वेगळे आहेत. ते शेवाळ मारत नाहीत, त्याचं खाद्य, म्हणजे पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट, तोडतात.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, समुद्रातून आणलेले जिवंत खडक, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. पाणी शुद्ध करण्याचं काम खडकांच्या छिद्रांतले जीवाणू करत. समुद्र जवळ असलेल्या माणसाला हे जमण्यासारखं होतं. युरोप-अमेरिकेतल्या घरांत १९८०च्या दशकात वेगळीच तऱ्हा लोकप्रिय झाली. प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवायचं, म्हणजे माशांनी पाण्यात सोडलेल्या अमोनियाचं जीवाणू नायट्रेट करतात. मासे जगले, पण नायट्रेट टाकीतच साचत राहिलं आणि शेवाळ माजलं.

याला बर्लिनच्या हौशी मंडळींनी आणि मत्स्यालयांवर लिहिणारे पीटर विल्केन्स यांनी दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत पटतं. घाण कुजून तिचं नायट्रेट होण्याआधीच ती बाहेर काढायची. प्रोटीन स्किमरच्या नळीत बारीक बुडबुडे उसळतात, सेंद्रिय द्रव्यं त्यांना चिकटतात आणि फेस वरच्या कपात जमतो. कपातलं ते काळपट, उग्र वासाचं पाणी एकदा ओतून टाकलं की शेवाळ कशावर पोसलं जातं हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच सुमारास स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी नेमके उलट्या दिशेनं गेले. वॉशिंग्टनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात १९८० साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या प्रवाळ-टाकीला शेवाळाचीच गाळणी होती. उथळ ट्रेमधल्या जाळीवर प्रखर दिव्याखाली शेवाळ वाढू द्यायचं आणि ठरावीक दिवसांनी खरवडून काढायचं. पाणी पिवळसर होतं अशी टीका झाली, तरी शेवाळाला टाकीबाहेर जागा द्यायची ही कल्पना रुजली. पुढे अनेकांनी मुख्य टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या लहान टाकीत, त्यासाठी एक कप्पाच राखला.

या कप्प्यातल्या एका लाडक्या शेवाळानं मात्र समुद्रात हाहाकार माजवला. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा मत्स्यालयांत वाढवलेला वाण १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयासमोर जेमतेम एक चौरस मीटरभर दिसला आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. २००० साली तो कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादजवळ सापडला, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून त्याचा नायनाट करावा लागला. त्यामुळेही आज कप्प्यात बहुधा चेटोमॉर्फा या धागेदार शेवाळाचा गुंता दिसतो.

शेवाळ खाणाऱ्यांचं मोल कॅरिबियन समुद्रानं दाखवलं. १९८३ साली पनामापासून सुरू झालेल्या साथीत खडकांवरचं शेवाळ चरणारे, लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन हे गोल समुद्री प्राणी ९० टक्क्यांहून अधिक मेले. जमैकात अतिमासेमारीनं शेवाळखाऊ मासे आधीच संपवले होते, त्यात चक्रीवादळानं प्रवाळ मोडलं होतं. तिथे १९७७ ते १९९३ या काळात प्रवाळाचं आच्छादन ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं आणि शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. टाकीत गोगलगाई आणि शेवाळखाऊ टँग मासे सोडतात ते शोभेसाठी नव्हे.

२०००नंतर टोक गाठलं गेलं. लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट शोषू लागले, तर व्होडकाचे थेंब टाकून वाढवलेले जीवाणू नायट्रेट खाऊ लागले. दोन्ही आकडे शून्यावर आले आणि अनेक टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचे बुडबुडेवाले चिकट तपकिरी धागे पसरले, प्रवाळही फिकट पडलं. कारण प्रवाळाच्या पेशींतही सूक्ष्म शेवाळच राहतं, आणि त्यालाही नायट्रोजन-फॉस्फरस हवा असतो. आता तर काही जण मुद्दाम नायट्रेट घालतात.

आपल्याकडे २००१पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकचं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून इथली टाकी पुष्कळदा कोरड्या खडकांवर सुरू होते. त्यांवर जीवाणू वसायला महिने लागतात आणि तोवर रिकाम्या जागेवर शेवाळच आधी हक्क सांगतं. त्या काळात आरओ-डीआय पाणी (गाळून क्षार काढलेलं), बेताचं खाद्य आणि नियमित पाणीबदल यांवरच भिस्त ठेवावी लागते.