एल निनो आणि श्रीलंकेचा पाऊस: आधी महिना विचारा

एल निनोची बातमी आली की महाराष्ट्रात दुष्काळाची धास्ती बसते. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला भात उत्पादक मात्र त्याच बातमीने बहुधा सुखावतो, कारण त्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि एल निनोच्या वर्षी तो सरासरीपेक्षा जास्त होण्याकडे कल असतो.

मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे बेटाच्या मध्यभागातल्या डोंगरांना धडकतात. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर पलीकडे कोरडे वारे वाहतात. तिथल्या कोरड्या पट्ट्यात, अनुराधापुर, पोलोन्नरुवा भागात, तलाव भरतात ते पुढच्या, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या, पावसावर. त्यावर येणारा मोठा हंगाम म्हणजे ‘महा’, आणि मे ते ऑगस्टचा छोटा हंगाम म्हणजे ‘याला’.

एल निनोत प्रशांत महासागराचं गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, इंडोनेशियावर हवा खाली बसू लागते आणि तिथला पाऊस आटतो. विषुववृत्तालगत हिंदी महासागरावर एरवी शरदात पश्चिमेचे वारे असतात. ते मंदावतात, कधी उलटतातही, आणि बाष्प श्रीलंका व तमिळनाडूच्या बाजूला गोळा होतं. जानेवारीपासून चित्र पालटतं. हवा खाली बसण्याचा पट्टा श्रीलंकेपर्यंत पोहोचतो आणि पाऊस घटतो. म्हणूनच वार्षिक बेरीज पाहणारा फसतो: शरदातली वाढ आणि त्यानंतरची तूट एकमेकींना खाऊन टाकतात आणि ‘काहीच परिणाम नाही’ असं वाटतं.

दुसरा कर्ता हिंदी महासागरातला डायपोल. तो 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी स्पष्टपणे मांडला. आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि सुमात्राजवळचं थंड झालं की तो धन; उलट झालं की ऋण. दोन्ही बाजूंच्या तापमानविचलनांतला फरक 0.4 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला आणि टिकला, की त्याची दखल घेतात. तो जूनच्या सुमारास वाढू लागतो, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये टोक गाठतो आणि वारे बदलले की डिसेंबरपर्यंत विरतो. त्याचा भर नेमका महाच्या पेरणीवर येतो. धन डायपोल श्रीलंकेचा शरदातला पाऊस वाढवतो, ऋण डायपोल तोडतो. 1997 मध्ये एल निनो आणि धन डायपोल एकत्र आले होते.

2016 मध्ये उलटं घडलं. वर्षाच्या मध्यावर तीव्र ऋण डायपोल, पाठोपाठ दुबळी ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती. शरदातला पाऊस फसला, तलाव भरलेच नाहीत आणि 2016-17 च्या महाचं भात उत्पादन आधीच्या वर्षाच्या सुमारे निम्म्यावर आलं. ला निना दुबळी आहे एवढंच पाहून निर्धास्त राहणं किती महागात पडतं, ते इथे दिसतं. डायपोलचा निर्देशांक, म्हणजे वर सांगितलेला तापमानाचा फरक, सोबत वाचायलाच हवा.

शेतकऱ्यांकडे यावर उपाय आहेत. हंगामाआधी ‘कन्न’ बैठकीत तलावातलं पाणी पाहून पेरणीची तारीख आणि भाताचा वाण ठरतो. पाणी कमी असेल तर साडेतीन महिन्यांऐवजी तीन किंवा अडीच महिन्यांचा वाण घेतात. फारच कमी असेल तर ‘बेथमा’: तलावाजवळचीच जमीन पेरायची आणि ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण ती टंचाई एकट्यादुकट्यावर पडू देत नाही.

अंदाज कधी घ्यायचा हेही महत्त्वाचं. मार्च-एप्रिलमधले एल निनोचे अंदाज कच्चे असतात. जूननंतर भरवसा वाढतो. डायपोलसाठी ऑगस्ट-सप्टेंबरची नोंद पाहावी. हंगामातल्या उघडीप आणि झडीसाठी मॅडन-ज्युलियन दोलन पाहतात. ढगांचा हा पट्टा 30 ते 60 दिवसांत विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे फिरतो. तो हिंदी महासागरावर असताना, म्हणजे त्याच्या फेरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात, पावसाची शक्यता वाढते, आणि त्याची चाहूल दोन-तीन आठवडे आधी लागू शकते.

हंगामाचा अंदाज एखाद्या दिवसाच्या ढगफुटीबद्दल मात्र काही सांगत नाही. त्याच दुष्काळाच्या पाठीवर मे 2017 मध्ये बेटाच्या नैर्ऋत्येकडच्या रत्नपुरा आणि कळुतरा भागात पूर आणि दरडींनी दोनशेहून अधिक जीव घेतले.