मारी बिस्कीट, आयसिंग आणि अडीच वर्षांचा हात

मागच्या रविवारी बाहेर धो धो पाऊस आणि घरात माझी अडीच वर्षांची भाची, मग मारीचा पुडा फोडला, वाटीत आयसिंग शुगर कालवली आणि दोघी जमिनीवर पेपर पसरून बिस्किटं सजवायला बसलो. तिनं मनुकांचे सगळे तुकडे एकाच बिस्किटाच्या कडेला रचले, एकावर एक. मी नीट करायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

कारण तिचा हात बघत होते. तुकडा चिमटीत धरताना तिची जीभ बाहेर यायची. मेंदूत हात आणि तोंड हलवणारे भाग शेजारी शेजारी असतात, म्हणून बारीक काम करताना जीभही हलते असं मानतात. चिमूट तशी वर्षाच्या आतच जमायला लागते, साधारण ९ ते १२ महिन्यांत, पण उचललेली वस्तू हवी तिथे आणि हवी तेव्हाच सोडणं खूप अवघड, त्यात आयसिंग बोटाला चिकटतं आणि तुकडा बिस्किटाऐवजी बोटावरच राहतो. मनगटात आपल्याला ८ हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असतात, म्हणजे मऊ, अजून हाड न झालेली, या वयाच्या मुलाच्या एक्सरेत जेमतेम दोन-तीन दिसतात. म्हणून तिनं चमचा मुठीत धरला तर धरू द्यावा.

आयसिंगमधलं विज्ञान मला फार आवडतं. १०० ग्रॅम आयसिंग शुगरला साधारण ३ छोटे चमचे पाणी लागतं, म्हणजे १५ मिली, आणि एवढ्या पाण्यात फार तर ३० ग्रॅम साखर विरघळते. उरलेली बारीक कणांच्या रूपात तशीच असते, म्हणून ते पांढरं आणि दाट दिसतं. मग थोडं पाणी उडतं, थोडं बिस्कीट शोषून घेतं, विरघळलेल्या साखरेचे स्फटिक बनतात आणि तेच उरलेल्या कणांना एकमेकांना जखडून टाकतात. पाणी एकेक चमचाच घाला, चमचाभर जास्त झालं की सगळं ओघळतं. पाण्याऐवजी बीटाचा रस घातला तर मस्त गुलाबी होतं.

आणि बक्षिसाचं आमिष अजिबात दाखवू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ३ ते ५ वर्षांच्या, स्केचपेननं चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर ही मुलं स्केचपेनकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ वळली. ज्यांना सर्टिफिकेट अचानक मिळालं होतं त्यांची आवड मात्र तशीच राहिली. त्यामुळे मी भाचीला 'छान केलंस तर चॉकलेट देईन' म्हणत नाही, 'हा डोंगर आहे का गं?' एवढंच विचारते.

शेंगदाणे, कडक गोळ्या, अख्खे मणुके मात्र नकोत, चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकायची भीती असते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून घातलेली साखर देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा त्यांच्यासाठी साधी पोळी आणि कुस्करलेलं केळं घ्या, चिकटायला तेही पुरतं.

आमची बिस्किटं फॅनखाली ठेवली होती. दमट हवेत आयसिंग वाळायला वेळ लागतो आणि तोवर बिस्कीट मऊ पडतं, तर तासाभरानं उचलायला गेले तेव्हा तिचा तो मनुकांचा डोंगर बिस्किटात रुतून बसला होता. तिनं तो चमच्यानं खाल्ला.