दोन इंच सात सूत: एका जपानी इंजिन घराण्याची गोष्ट

७३.०२५ आणि ८८.९. मिलिमीटरमध्ये हे आकडे वेडेवाकडे दिसतात. कोणी स्वतःहून ७३.०२५ असं माप ठरवेल असं वाटत नाही. पण त्यांना २५.४ ने भागून पाहा. पहिला आकडा होतो दोन इंच सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दुसरा बरोबर साडेतीन इंच. लेथवर काम केलेल्या माणसाला एवढ्यावरूनच कळेल की हे इंजिन मुळात इंग्रजांनी आखलेलं आहे.

हे इंजिन ऑस्टिन कंपनीचं. त्याच्या घराण्याला ‘बी-सिरीज’ म्हणत. १९५० च्या दशकात ते एकीकडे जपानमध्ये निसानच्या योकोहामातल्या कारखान्यात पोचलं आणि दुसरीकडे बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्समध्ये आलं. म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि निसानचं ‘१-एच’ ही जन्मानं सख्खी भावंडं. जपानात गेलेल्या भावंडाचं पुढे काय झालं, ही गोष्ट मला इंजिनांच्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. कारण त्यात नवा शोध जवळपास नाही. जे हाताशी आहे त्याकडे नीट पाहणं आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. त्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरून खाली जेवढा सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. गॅरेजमध्ये ‘गाडी रीबोअरला आली’ म्हणतात तेव्हा झिजलेली भोकं थोडी मोठी करून घेतात, म्हणजे बोअर वाढवतात. बोअरवरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला स्ट्रोकनं गुणायचं, मग सिलिंडरच्या संख्येनं गुणायचं, की सीसी आले. एकच सीसी दोन तऱ्हांनी मिळवता येतो: उभ्या, अरुंद तांब्यासारखा सिलिंडर करून, किंवा बुटक्या, पसरट डब्यासारखा करून. पाणी दोन्हींत सारखंच मावतं, पण इंजिन म्हणून दोघांचा स्वभाव पार वेगळा.

ऑस्टिनचा सिलिंडर तांब्यासारखा होता: बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९. त्याचं मोठं कारण इंग्लंडच्या करपद्धतीत सापडतं. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंत मोटारीवरचा कर तिच्या ‘अश्वशक्ती’वर लागे, आणि ही अश्वशक्ती कागदावरच्या सूत्रानं काढत: बोअर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, अडीचनं भागा. या सूत्रात स्ट्रोकला जागाच नाही. साहजिकच कंपन्यांनी बोअर अरुंद ठेवला आणि स्ट्रोक लांबवला. १९४७ साली ऑस्टिन ए-४० गाडीत बी-सिरीजचं पूर्वज इंजिन आलं तेव्हा बोअर साडेपासष्ट मिलिमीटर होता आणि स्ट्रोक तोच, साडेतीन इंच. १९४८ पासून सरसकट एकच कर आला, बोअर वाढत गेला, पण स्ट्रोक जागचा हलला नाही. पुढे याच घराण्यातलं १८०० सीसीचं इंजिन ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स गाडीत बसलं. त्याचाही स्ट्रोक ८८.९ मिलिमीटरच.

आता जपानकडे वळू. युद्धानंतर तिथला मोटार उद्योग मोडकळीला आलेला होता. १९५२ मध्ये जपान सरकारनं परदेशी कंपन्यांशी तांत्रिक करार करायला वाट मोकळी केली. हिनोनं फ्रान्सच्या रेनोशी हात मिळवला, इसुझूनं इंग्लंडच्या हिलमनची गाडी घेतली आणि निसाननं डिसेंबर १९५२ मध्ये ऑस्टिनशी करार केला. अट अशी की सुरुवातीला सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या आणि काही वर्षांत प्रत्येक भाग जपानमध्ये बनवायचा. ही अट निसाननं मनावर घेतली. १९५६ पर्यंत ऑस्टिन ए-५० पूर्णपणे जपानमध्ये तयार होऊ लागली आणि तिच्या इंजिनाला निसानचं स्वतःचं नाव मिळालं, १-एच. ताकद ५० अश्वशक्ती.

या इंजिनासाठी निसाननं कारखान्यात ट्रान्स्फर मशीनं बसवली होती, आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. साध्या लेथवर किंवा ड्रिलवर कारागीर एक भोक पाडतो, ठोकळा हलवतो, दुसरं पाडतो. ट्रान्स्फर मशीनमध्ये ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्याचं, ओतीव एका टोकाला आत जातं आणि एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर आपोआप सरकत राहतं. प्रत्येक ठाण्यावर ठरलेली हत्यारं ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर एकाच वेळी उतरतात. वेग प्रचंड, अचूकपणा उत्तम. पण ही यंत्रं मोडून वेगळ्या अंतरावर लावणं म्हणजे जवळपास नवा कारखाना उभारणं. दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर एकदा ठरलं की ते लोखंडावर कोरल्यासारखं पक्कं.

त्याच सुमारास निसानला छोट्या डॅटसन गाडीसाठी नवं इंजिन हवं होतं. तिचं जुनं ८६० सीसीचं साइड-व्हॉल्व इंजिन युद्धापूर्वीच्या बांधणीचं होतं. बोअर ६० मिलिमीटर, स्ट्रोक ७६, ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती. टोयोटाची हजार सीसीची कोरोना येऊ घातली होती, आणि टॅक्सीचा धंदा हे त्या काळी जपानमधलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. नव्या इंजिनाची आखणी करायची म्हणजे नवी यंत्रं, आणि तेवढा पैसा कंपनीकडे नव्हता.

निसाननं सल्लागार म्हणून डोनाल्ड स्टोन या अमेरिकन अभियंत्याला बोलावलं होतं. ते पूर्वी विलीज-ओव्हरलँडमध्ये होते. महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या जीपची हीच मूळ कंपनी. स्टोन यांचा सल्ला ऐकायला फार साधा होता: नवीन काही आखू नका, तुमच्याकडे ऑस्टिनचं इंजिन आहे, त्याचा स्ट्रोक कापा.

बोअर ७३ मिलिमीटरच ठेवायचा, म्हणजे सिलिंडरची जागा, त्यांच्यातलं अंतर आणि ते कोरणारी यंत्रं जशीच्या तशी वापरता येतात. बदलायचा मुख्यतः क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा. क्रँकचा हात मधल्या आसापासून जितका बाहेर काढलेला असतो त्याच्या दुप्पट पिस्टन चालतो. तो हात ४४.४५ मिलिमीटरवरून २९.५ वर आणला की स्ट्रोक ८८.९ वरून ५९ वर येतो. मग पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची लांबी आणि ब्लॉकची उंची यांचा मेळ घालायचा. गणित करून पाहा: ७३ बोअर, ५९ स्ट्रोक, चार सिलिंडर, उत्तर ९८८ सीसी.

असं निसानचं ‘सी’ इंजिन तयार झालं. जपानी लोक त्याला आजही ‘स्टोन इंजिन’ म्हणतात. १९५७ च्या शरद ऋतूत ते डॅटसन १००० मध्ये बसलं आणि ताकद २५ वरून ३४ अश्वशक्तीवर गेली.

या कापाकापीनं फक्त खर्च वाचला असं नाही, इंजिनाचा स्वभावही बदलला. क्रँकच्या मिनिटाला ४४०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग काढू. प्रत्येक फेरीत पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर चालतो. ८८.९ मिलिमीटरच्या मूळ इंजिनात हा वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर येतो. ५९ मिलिमीटरला तो साडेआठच्या थोडा वर. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टन एक तृतीयांश कमी धावतो. रिंगांचं घासणं कमी, आणि वर-खाली दिशा बदलताना क्रँकच्या बेअरिंगांवर बसणारे हिसकेही कमी. शिवाय बोअर रुंद असल्यामुळे सिलिंडरच्या सीसीच्या मानानं व्हॉल्वला ऐसपैस जागा मिळते आणि इंजिनाला श्वास मोकळा घेता येतो. तोटेही होते. दीड लिटरच्या इंजिनासाठी आखलेल्या सांगाड्यात एक लिटरचं काम, म्हणजे आकाराच्या मानानं लोखंड जास्त. पण हेच जास्तीचं लोखंड पुढे उपयोगी पडलं, कारण या इंजिनात वाढायला जागा होती आणि ते राबवून घेतलं तरी मोडत नव्हतं.

याची परीक्षा लगेच झाली. १९५८ साली निसाननं दोन डॅटसन ऑस्ट्रेलियात पाठवल्या, एकीचं नाव ‘फुजी’, दुसरीचं ‘साकुरा’. मोबिलगॅस ट्रायल ही शर्यत म्हणजे खंडाला वळसा घालणारी सुमारे १६,००० किलोमीटरची रपेट, आणि तीही बहुतेक धुळीच्या, खडबडीत वाटांनी. चमूचे प्रमुख होते युताका काटायामा. पुढे अमेरिकेत डॅटसनचं नाव त्यांनीच मोठं केलं. फुजी आपल्या गटात पहिली आली. जपानी गाडी परदेशात टिकेल का, या शंकेला मिळालेलं हे पहिलं ठोस उत्तर होतं.

अमेरिकेत मात्र वेगळीच अडचण समोर आली. तिथल्या रुंद महामार्गांवर गाड्या तासन्‌तास एकाच मोठ्या वेगानं धावतात, आणि तिथे ३४ अश्वशक्ती अपुरी पडू लागली. उत्तर पुन्हा क्रँकमध्येच सापडलं. बोअर ७३ कायम, स्ट्रोक ५९ वरून ७१, आणि ११८९ सीसीचं ‘ई’ इंजिन तयार. १९५९ च्या ब्लूबर्ड या नव्या डॅटसनमध्ये सी आणि ई ही दोन्ही इंजिनं मिळत. ई ची ताकद आधी ४३ होती. सुधारलेल्या ई-१ मध्ये ती ५५ झाली. त्याच काळात निघालेल्या डॅटसनच्या पहिल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्याही याच सी आणि ई वर धावल्या. पुढच्या पिढीच्या ब्लूबर्डमध्ये १९६५ ला ‘जे’ इंजिन आलं. बोअर ७३ च, स्ट्रोक ७७.६, १२९९ सीसी, ६२ अश्वशक्ती. पहिल्या सी इंजिनातून दर लिटरमागे ३४ अश्वशक्ती निघत होती. जे मध्ये जवळपास ४८. आठ वर्षांत, त्याच बोअरवर.

इथे एक गंमत लक्षात येते. स्टोन यांनी स्ट्रोक बोअरपेक्षा बराच लहान केला होता आणि प्रत्येक वाढीबरोबर तो पुन्हा लांबत गेला, इतका की जे मध्ये बोअरच्याही पुढे निघून गेला. मग जे-१५ मध्ये निसाननं अखेर बोअरला हात घातला. ७८ बोअर आणि ७७.६ स्ट्रोक, दोन्ही जवळजवळ समान. १४८३ सीसी. ऑस्टिनच्या मूळ १४८९ च्या अगदी शेजारी, पण सिलिंडर तांब्यासारखा राहिला नव्हता. ही जे इंजिनं पुढे कितीतरी वर्षं पिकअप आणि छोट्या मालट्रकांमध्ये निमूटपणे राबली.

एव्हाना निसानकडे नवी यंत्रं आणि नवी इंजिनं आलेली होती. ए-५० ची जागा घेणाऱ्या सेड्रिकसाठी १९६० मध्ये ८० बाय ७४ चं ‘जी’ इंजिन आलं. १९६६ मध्ये सनी गाडीसाठी ॲल्युमिनियमच्या हेडचं, वजनानं हलकं असं पूर्णपणे नवं ए-१० इंजिन निघालं. त्याची मापं पाहिली तेव्हा मी थबकलो: बोअर ७३, स्ट्रोक ५९, ९८८ सीसी. बांधणी नवी, आकडे स्टोन यांचेच. १९६७ च्या ब्लूबर्डच्या एल इंजिनांत व्हॉल्व उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, वर डोक्यावर गेला, सगळंच बदललं, पण रीत तीच राहिली. ८३ मिलिमीटरचा एकच बोअर आणि ५९.९, ६६, ७३.७ असे तीन स्ट्रोक. त्यांतून १३००, १४०० आणि १६०० सीसीची तीन इंजिनं. वर्कशॉपमध्ये क्रँक बदलला की इंजिन बदललं, हा धडा कंपनीच्या हाडीमाशी भिनला होता.

जाता जाता आपल्याकडचा आणखी एक धागा सांगतो. जबलपूरला लष्करासाठी बनलेली जोंगा अनेकांनी पाहिली असेल. तिचं निसानचं सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं इंजिन मोजलं तर बोअर भरतो ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३. म्हणजे तीन इंच तीन सूत आणि साडेचार इंच. तो साडेचार इंची स्ट्रोक थेट १९३० च्या दशकातला आहे. तेव्हा निसाननं अमेरिकेच्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून मोठ्या गाडीची आखणी आणि हत्यारं विकत घेतली होती. यंत्रसामग्रीला स्मरणशक्ती असते ती अशी.

आणि उत्तरपाड्याचं भावंड? ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं इंजिन १९५९ च्या सुमारास आलं आणि दशकानुदशकं दोन इंच सात सूत बाय साडेतीन इंच याच मापावर राहिलं. आपल्या रस्त्यांवर, आपल्या मेकॅनिकांच्या हाती ते प्रामाणिकपणे चाललं, याबद्दल त्याचा मान आहेच. मंत्रालयासमोर लाल दिव्याच्या गाड्यांची रांग लागे तेव्हा त्या प्रत्येक बॉनेटखाली योकोहामाच्या इंजिनाचं सख्खं रक्त होतं. पण बंदिस्त बाजारात त्या मापाला हात लावण्याची निकड कोणाला भासली नाही, आणि ते मला आजही खटकतं. कारण क्रँक बदलायला लागणारं कौशल्य आपल्याकडे होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्बेसेडरला अखेर नवं पेट्रोल इंजिन मिळालं, ते इसुझूचं. एकेकाळी हिलमनच्या गाड्या जोडत शिकलेली तीच इसुझू. १८१७ सीसी, बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ८२. २५.४ ने भागून पाहिलं, सूत कुठेच जुळलं नाही.