शेजाऱ्यांचं भांडण आणि नाशिकची कांदाचाळ

उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात, भरतात आणि भाव येईल या आशेवर चार-पाच महिने राखतात. मधूनमधून हात घालून मोड फुटलेला, काजळी धरलेला, पाणी सुटलेला कांदा वेचून काढायचा. उरेल त्याचा लासलगावला लिलाव. तिथे पुकारला जाणारा भाव कधी ढाक्यात ठरतो, कधी दिल्लीत, तर कधी पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर असलेल्या अटारीच्या फाटकावर.

फाळणीनंतर सुरुवातीला पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतातच होई. सप्टेंबर १९४९मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. विनिमय दरावरून व्यापार ठप्प झाला. तागाची शेतं तेव्हा पाकिस्तानात असलेल्या पूर्व बंगालात आणि गिरण्या कोलकात्याला, तरीही! १९६५च्या युद्धानंतर तर व्यवहार जवळपास दशकभर बंद राहिले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१०चा प्रसंग. नोव्हेंबरच्या अवकाळीने आपला लाल कांदा शेतातच सडला. डिसेंबरात दिल्लीत किलोचा भाव ८० रुपयांपर्यंत गेला. सरकारने निर्यात रोखली आणि अटारीवरून पाकिस्तानी कांद्याचे ट्रक आत आले. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे जानेवारीत, तिकडे भाव चढू लागताच, पाकिस्तानने खुष्कीच्या मार्गाने होणारी कांदा निर्यात थांबवली. वैर असताना माल आला आणि थांबला तो महागाईच्या धास्तीने. दोन्ही सरकारांना आधी आपल्या शहरातलं गिऱ्हाईक दिसतं. शेतकरी दोन्हीकडे मागेच राहतो.

पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९मध्ये, पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. पण आपल्याला जास्त चटका बसला तो मित्रदेशाच्या, बांगलादेशाच्या बाबतीत. त्याच सप्टेंबरात भारताची कांदा निर्यातबंदी आली. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या, आचाऱ्याला कांदा वापरू नको असं सांगितलंय. नोव्हेंबरात बांगलादेशने पाकिस्तानातून कांदा आणला. सप्टेंबर २०२०च्या बंदीत आपले भरलेले ट्रक पेट्रापोलच्या सीमेवर अडकले. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ पुन्हा बंदी. वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक असं तोडणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

१ एप्रिल २०२५ला कांद्यावर उरलेलं २० टक्के निर्यातशुल्क उठलं. महिनाअखेरीस, पहलगामनंतर, अटारीचं फाटक बंद झालं. इकडे तेव्हा चाळी भरणं चालू होतं.