मागचे ड्रम ब्रेक आणि ‘टाईट करणे’ या शब्दाचा घोळ

ड्रम ब्रेकचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्याला (ड्रमला) आतून दाब देऊन चाक थांबवणाऱ्या ब्रेकचे, पेटंट फ्रान्समध्ये १९०२ मध्ये घेतले गेले आणि पुढे तारा-दांड्यांची जागा ब्रेक ऑइलने घेतली. आपल्याकडच्या गॅरेजची भाषा मात्र घडली ती कुर्ल्यात बनणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर यांच्या काळात. या गाड्यांच्या चारही चाकांना बराच काळ ड्रमच होते. ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, झिजला की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढे, पॅडल खाली जाई आणि गाडी ‘ब्रेक टाईट करायला’ गॅरेजमध्ये येई.

त्या काळी या शब्दाला एकच अर्थ होता. चाक जॅकवर उचलायचे, ड्रममागच्या पत्र्यातला, ही फट कमी-जास्त करणारा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा, मग चाक मोकळे फिरून लायनरची हलकी घासणी जेमतेम कानावर येईल इतका मागे घ्यायचा. हँडब्रेकच्या केबलला हात लागे तो सर्वांत शेवटी, आणि तोही क्वचितच.

१९८० च्या दशकाच्या मध्यानंतर पुढे डिस्क (दोन्ही बाजूंनी पकडली जाणारी उघडी चकती) आणि मागे ड्रम ही मांडणी छोट्या गाड्यांत रुळली आणि पुढे मागच्या ड्रममध्ये स्वतःहून जुळणारा दातेरी ॲडजस्टर आला. लायनर झिजून शूंचा प्रवास ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो एक दात पुढे सरकतो. मूळ काम असे नाहीसे झाले तरी शब्द टिकला आणि तो हँडब्रेकच्या केबलला जाऊन चिकटला. हँडब्रेक ओढताना होणाऱ्या चार-पाच टकटकींऐवजी दहावर लागू लागला, की त्याच्या लिव्हरखालचा नट आवळून गाडी परत दिली जाते. मालकाला हँडब्रेक घट्ट लागतो एवढेच दिसते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या दुरुस्तीने जितके मागचे ब्रेक बिघडवले, तितके झिजलेल्या लायनरनेही बिघडवले नसतील. केबल ताणलेली राहिली की शूजवळची लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि शू आपल्या जागी बसत नाहीत. मग त्यांचा प्रवास तोकडा पडतो, ॲडजस्टरचा दात सरकत नाही आणि ड्रम विनाकारण तापतो. म्हणून शू बदलताना केबल आधी पूर्ण सैल करायची, ॲडजस्टर मोकळा आणि साफ करायचा, शू आणि ड्रम यांच्यातली फट जुळवायची आणि केबल त्यानंतर लावायची, हा क्रम उलटता येत नाही. दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलायचे, हे वेगळे सांगायला नकोच. ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून आत ओल आहे का, एवढे मात्र त्याच वेळी पाहावे, कारण ऑइलने भिजलेला नवा लायनरही निकामीच.

कोकणात पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना मागून ‘खट्’ असा आवाज येतो, तो ड्रमला गंजाने चिकटलेला शू सुटल्याचा. त्याचाही दोष पुष्कळदा ‘टाईट’ ब्रेकवर ढकलला जातो.

२०२० मध्ये एका जर्मन कंपनीने नव्या विजेवरच्या गाडीला मागे पुन्हा ड्रमच बसवले. अशा गाडीत वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे क्वचित वापरली जाणारी उघडी डिस्क गंजते, तर ड्रममधला पृष्ठभाग झाकलेला राहतो आणि लायनरची धूळही बरीचशी आतच अडकते. तिथे हँडब्रेक बटणावर चालतो, त्यामुळे आवळायला लिव्हरखाली नटच उरलेला नाही.